विंडोज १० वरून ११ वर जायचं की नाही, आमच्या घरी कसं ठरलं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे एव्हाना बहुतेकांना कळलंय, पण मग माझ्या घरच्या कॉम्प्युटरचं नेमकं काय करू ह्याचं सरळ उत्तर मला काही मिळत नव्हतं. जो तो एक तर नवीन घ्या म्हणतो नाहीतर काही होत नाही चालू दे म्हणतो. म्हणून आमच्याकडे कसं ठरवलं ते सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. घरात एकच डेस्कटॉप, २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेला, आय थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. मी आणि आई बँकेची कामं, बिलं वगैरे त्यावरच करतो, पण खरा तो बाबांचा. आमच्याकडे उत्सवात, जत्रेला, चवथीला मराठी नाटकं होतात आणि आसपासच्या तीन-चार गावांतल्या मंडळांच्या संहिता बाबाच टाईप करून देतात, प्रॉम्प्टरसाठी मोठ्या टाईपात वेगळी प्रत, प्रत्येक पात्राची नक्कल (फक्त त्याच्या संवादांची प्रत) वेगळी, असं सगळं. गेल्या वीस-बावीस वर्षांचं काम त्या डिस्कवर आहे. त्यामुळे बाबांचं म्हणणं एकच, "बाय, चालतंय ना, मग हात कशाला लावतेस?"

हे म्हणणं मी उडवून लावलं नाही कारण त्यात तथ्य आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, वर्ड उघडतं, प्रिंट निघते. फक्त दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. आणि गोम अशी की ११ साठी दुरुस्त्या येतच राहतात, त्यातल्या बऱ्याच १० मध्येही असलेल्या भोकांच्या असतात, म्हणजे दुरुस्ती बघून भोक कुठे आहे ते शोधणाऱ्याला आयताच पत्ता मिळतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ज्यांनी टाकली नव्हती ते सापडले, आणि तो कुणी कुठे क्लिक न करता नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता, फाईली कुलूपबंद करून पैसे मागत होता. बाबांना मी हेच सांगितलं, की बँकेचे पैसे एक वेळ बँक बघेल, पण संहिता कुलूपबंद झाल्या तर कुणाकडे जायचं. तेव्हा ते ऐकायला तयार झाले.

आधी पणजीतल्या एका दुकानात विचारलं. तिथल्या माणसाने मशीन न बघता सांगितलं की सात वर्षं जुनं आहे, ११ चालणार नाही, पस्तीस हजारांच्या आसपास नवीन पडेल. घरी येऊन मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक, म्हणजे मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं ॲप, चालवलं तर त्यानेही नाहीच म्हटलं. इथे बरेच जण थांबतात आणि माझी कळकळीची विनंती आहे की थांबू नका, नाही का म्हणतंय ते खाली नीट वाचा. आमच्याकडे दोन कारणं होती, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) नाही आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. प्रोसेसरबद्दल तक्रार नव्हती. ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीचं असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढे बहुतेक. पिढी ओळखायला मॉडेलचा आकडा बघायचा, आमचा ८१०० म्हणजे आठवी, ७४०० असता तर सातवी आणि मग खरंच विषय संपला असता.

टीपीएमचं म्हणाल तर वेगळी चिप असायलाच हवी असं नाही, इंटेलच्या ह्या पिढीत ती सोय आतच असते, पीटीटी नावाने, एएमडीत एफटीपीएम म्हणतात, फक्त असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. आमच्या कुंडईच्या ऑफिसात आयटी बघणारा मुलगा आहे त्याने फोनवर सांगितलं तसं मशीन चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेले, पीटीटी शोधून चालू केलं, सेव्ह केलं, आणि पुन्हा तपासलं तर टीपीएमचं कारण गायब! एक पैसा खर्च नाही.

सिक्युअर बूट मात्र एवढं सोपं नव्हतं. त्यासाठी मशीन यूईएफआय ह्या नव्या पद्धतीने सुरू व्हावं लागतं आणि आमच्या डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेले. डिस्क जीपीटी ह्या नव्या पद्धतीची करायला विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न पुसता काम करतं, पण त्याची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) हवीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या पोटात आणखी भाग असतात ते) अजिबात नको. आणि आपल्याकडे असेंबल करणारे काय करतात तर सी, डी, ई, एफ असे भाग पाडून देतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, डी, ई, एफ ह्या सगळ्यांना मिळून एक हिरवी चौकट दिसली तर तेच ते एक्स्टेंडेड. आमच्याकडे दिसली. म्हणजे ते साधन बाद. आणि हे सगळं न बघता बायोसमध्ये नुसतं यूईएफआय करून ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच झालं नसतं, आणि बाबांनी मला घराबाहेर काढलं नसतं पण जेवलेही नसते.

इथपर्यंत आल्यावर आम्ही खरंच बसून विचार केला, की ११ हवंच आहे का.

दुसरे दोन रस्ते होते. एक, विंडोज १० वरच राहून जादा सुरक्षा अपडेट घ्यायचे. घरगुती वापरासाठी ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्याला २२एच२ ही आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंगचा बॅकअप सिंक केला तर फुकट नाहीतर तीस डॉलरच्या आसपास. वेळ काढायला उत्तम, पण प्रश्न वर्षभर पुढे जातो, सुटत नाही. दुसरा रस्ता लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. डिचोलीच्या माझ्या चुलतभावाने त्याच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर तेच टाकलंय, त्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये, त्याला काही अडत नाही, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडेही पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, मशीन पळत होतं. पण बाबांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तिथे चालत नाही.

आणि हेच आमचं खरं दुखणं निघालं. ते सॉफ्टवेअर जुन्या काळचं, यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून लावायचं पेनड्राइव्हसारखं यंत्र) लावल्याशिवाय उघडत नाही, डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याच्याशी बोलू देणारा प्रोग्राम, तोही तेवढाच जुना. ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी नावाची तपासणी असते, ती चालू असली की असले जुने ड्रायव्हर अडवले जाण्याची शक्यता असते. ती बंद करून काम होईलही, पण ज्या सुरक्षेसाठी एवढं करतोय तीच बंद करायची हे मला पटेना. आणि त्याहून मोठी गोष्ट, बाबांच्या सगळ्या संहिता युनिकोडच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. म्हणजे आतमध्ये रोमन अक्षरांचे कोड आणि वरून फॉन्ट देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, असा नुसता कचरा दिसतो. एखाद्या पात्राचं नाव सर्च केलं तर सापडत नाही, फोनवर पाठवली तर वाचता येत नाही. मुंबईतल्या एका दिग्दर्शकाला बाबा आजवर फोटो काढून पानं पाठवत होते ते ह्याचमुळे. हे मला माहीत होतं पण ह्या निमित्ताने पहिल्यांदा नीट दिसलं की विंडोज १० असो वा ११, ह्या फाईली त्या डोंगलच्या भरवशावर आहेत, आणि डोंगल गेला की पुढचं टायपिंग गेलं.

म्हणून ठरलं ते असं. जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. नवीन एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घ्यायची, ११ तिच्यावर कोरं टाकायचं, आणि जुनी डिस्क केबल काढून तशीच बाजूला ठेवायची. परत लागली तर बायोसमध्ये जुना मोड चालू करून तीच लावली की बाबांचं पूर्वीचं विंडोज १० होतं तसं उभं राहतं, फक्त नेट न लावता. हे ऐकल्यावर बाबा लगेच हो म्हणाले, कारण त्यांची भीती अपडेटची नव्हतीच, परतीचा रस्ता नसण्याची होती.

पावसाळा पूर्ण संपू दिला, कारण इन्स्टॉल चालू असताना लाईट गेलेली नको, आणि यूपीएसची बॅटरी बदलून घेतली. सगळ्या संहितांची बाहेरच्या ड्राइव्हवर एक प्रत आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर दुसरी, ऑफिसच्या नव्हे. इन्स्टॉल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून केलं, ते अगदी सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने नेट लागल्यावर ॲक्टिव्हेट आपोआप झालं. दोन गोष्टी मात्र सांगते. होम आवृत्तीत सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतात, ते तयार ठेवा. आणि हल्ली कोरं ११ टाकून त्या अकाउंटने लॉगिन केलं की ड्राइव्ह एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) आपोआप चालू होऊ शकतं, सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि चालू असेल तर अकाउंटमधली रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, घरात दुसऱ्या कुणाला तरी ती कुठे आहे हे माहीत असू द्या.

मग भाषा म्हणून मराठी ॲड केली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड मिळतात, आणि मंगल, कोकिळा वगैरे फॉन्ट दिसले नाहीत तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यायचे. बाबांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला, तो वेगळा टाकून दिला. जुने फॉन्टही कॉपी करून टाकले, त्यामुळे जुन्या फाईली ११ वर निदान दिसतात आणि छापता येतात.

युनिकोड करायचं काम आता चालू आहे आणि हे खरं कष्टाचं. कन्व्हर्टर पन्नास पानं क्षणात करून देतो, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यात रफार आला की गडबड होते. निर्मिती, आर्थिक असे शब्द हमखास मोडतात, आणि वऱ्हाडी, दुसऱ्या मधला र. म्हणून आम्ही दोघं रोज रात्री जेवण झाल्यावर बसतो, बाबा छापील प्रतीतून मोठ्याने वाचतात, अगदी पात्राच्या आवाजात, आणि मी स्क्रीनवर दुरुस्त करते. येत्या जत्रेला लागणाऱ्या संहिता आधी घेतल्यात. परवा त्या मुंबईच्या दिग्दर्शकांना पहिली पूर्ण फाईल पाठवली, त्यांनी फोनवरच उघडून दुसऱ्या अंकातला एक प्रवेश बदलून परत पाठवला, आणि बाबा आता विचारतायत की बाकीच्या मंडळांनाही अशाच पाठवता येतील का.