वाघळाचं बारसं

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी. बेळगावभोवतीच्या या गावांत हिवाळा आला की मराठी साहित्य संमेलनं भरतात. मंडपाच्या मागं चहा घेताना कुणी ना कुणी मला विचारतंच, ‘‘मॅडम, तुमची पीएच.डी. झाली, निबंध छापून आले. मग भजनी मंडळ घेऊन वाघळाचं भारूड कशाला करता?’’ विचारणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी काळजी असते. म्हणून तुम्ही विचारलंत, तर नीटच सांगते.

माझा विषय खानापूर तालुक्यातली वटवाघळं. त्यातलं एक फार वेगळं. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत ते राहतं. त्याची शेपटी पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी सुटलेली असते आणि कान एवढे मोठे की तोंडाच्याही पुढं येतात. खाणं किड्यांचं. १९१३ साली लंडनच्या संग्रहालयातले ओल्डफील्ड थॉमस यांनी या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं ते बारापेडेच्याच नमुन्यांवरून. रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढं जवळजवळ ९० वर्षं जगात दुसरीकडं कुठं ते राहतं हे कुणाला माहीत नव्हतं. २०००च्या सुमारास ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं.

मला गुहांची वाट दाखवली तळेवाडीकडच्या एका मामांनी. वनखात्याची परवानगी माझ्या पिशवीत असायची, पण रस्ता मामांच्या पायात होता. प्रबंध पुरा झाल्यावर त्याची एक प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, दोन पानं उलटली आणि विचारलं, ‘‘खरं बाई, आमच्या वाघळांचं ह्यात काय लिवलासा ओ?’’ आमच्या भागात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

मी मराठीत सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला अडले. प्रबंधात मी ‘मानवी हस्तक्षेप’ अशा अर्थाचा भारदस्त इंग्रजी शब्द पन्नासदा वापरला होता. तो मामांसमोर उच्चारवेना. गुहेत बॅटऱ्या आणि धूर घेऊन कोण शिरतं, ते त्यांना नावानिशी ठाऊक होतं. त्यांच्याकडून शिकलेलं मी त्यांना न कळणाऱ्या भाषेत बांधून कपाटात ठेवलं होतं. ती बोच अजून गेलेली नाही.

मे २०१८मध्ये केरळात निपाहची साथ आली. टीव्हीवर दिवसरात्र वाघळं दिसायला लागली आणि आमच्याकडं ‘धूर घालून हाकलू या’ अशी बोलणी सुरू झाली. एका गावच्या देवळात मी पडदा लावून तक्ते दाखवले. लोक शेवटपर्यंत बसले, मान दिला. उठताना एकानं विचारलं, ‘‘मग धूर घालायचा काय नको?’’ तासभर मी तेच तर सांगत होते!

देवळातले मृदंग वाजवणारे आबा जवळ आले. म्हणाले, ‘‘तुमी एकट्याच बोलतासा. भारुडाला इचारणारा लागतोय.’’

एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडी वेदान्त घातला, हे आपण सगळेच शाळेत शिकतो. पण ते ओझं त्या तोंडांना कसं पेलतं, हे मला तालमीत कळलं. मी संशोधक झाले, आबा विचारणारे. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला ते मृदंग थांबवायचे. ‘‘संवेदनशील वसाहत म्हंजे?’’ थाप बंद. मी सांगायचं. पुन्हा थाप बंद. शेवटी वाक्य उरलं ते असं: ‘‘धुरानं ती उठली तर जातील कुठं? वर्षाला पोर एकच हाय.’’ हे वाक्य प्रबंधातल्या वाक्याइतकंच अचूक आहे, हे मी आजही कुठल्याही परीक्षकासमोर सांगेन. निपाहचंही तसंच झालं. निपाहचा विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांत असतो आणि बारापेडेचं वाघूळ किडे खातं, हे दोन ओळींत बसलं. आमचं वाघूळ पवित्र, निर्धोक, असं मात्र मी गाऊ दिलं नाही. कुठल्याच वाघळाला हात लावायचा नाही आणि गुहेत शिरायचं नाही, हे पालुपदातच घातलं.

सर्वांत मोठा वाद झाला तो पहिल्या कडव्यावर. मंडळींना म्हणायचं होतं, ‘साऱ्या जगात आमच्याच गुहेत.’ मी म्हटलं, २०००पर्यंत चाललं असतं, आता खोटं आहे. टाळवाले नाराज झाले. मेघालय, कंबोडिया आलं की रंग जातो म्हणाले. मग कुणीतरी सुचवलं, ‘बारापेडे हे त्याचं माहेर.’ शब्द इतका गोड की मीही क्षणभर हरखले. पण माहेर म्हणजे जिथं जन्म झाला ते घर, आणि ही जात तिथंच जन्मली असं कुणीच म्हटलेलं नाही. तिथल्या नमुन्यावरून तिला नाव मिळालं, एवढंच खरं. शास्त्रात अशा जागेला ‘टाइप लोकॅलिटी’ म्हणतात. हे सगळं मी टाळवाल्यांना समजावत होते, तेवढ्यात मागं वाती वळत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘मग बारसं म्हणा की गं!’’

बारसं केलं गं बाई, बारसं केलं,
बाळ बारापेड्यात, नाव लंडनातनं आलं!

‘टाइप लोकॅलिटी’ला इतका नेमका मराठी शब्द मी दहा वर्षांत शोधू शकले नव्हते. आता वर्गात मुलांना शिकवतानाही मी आधी बारसंच सांगते. पुढच्या कडव्यात वाघूळ कानडीतलं ‘बावली’ होतं, कारण वनरक्षक बहुतेक कन्नड आणि त्यांच्याइतकी त्या गुहेची राखण दुसरं कुणी करत नाही. तो शब्द आला की मागच्या रांगेतून त्यांचेही आवाज मिसळतात.

चित्रकथा, प्रदर्शनं, लहान फिल्म हेही मी करून पाहिलं. चांगलंच आहे ते. पण छापलेलं चित्र मला थांबवून ‘म्हंजे?’ विचारत नाही.

मागच्या आषाढात खानापूरकडच्या एका वाडीत प्रयोग होता. बाहेर धो धो पाऊस. मध्येच एक सातवी-आठवीतली मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, रात्रभर असा पाऊस असला की ती खातात काय?’’ आबांनी मृदंग थांबवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. ओढे भरले की गुहेची वाट बंद होते, म्हणून माझ्या सगळ्या नोंदी ऑक्टोबर ते मे या महिन्यांतल्या होत्या. प्रबंध तपासणाऱ्यांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी त्या मुलीला तसं सांगितलं.

या जूनपासून मामा पावसाळ्यातही संध्याकाळी गुहेच्या तोंडाबाहेर, ओढा ओलांडता आला तर, जाऊन बसतात. परवानगी त्यांच्या नावाची काढली आहे. शंभर पानी वहीत त्यांनी स्वतःच रकाने आखलेत. तारीख, पाऊस, किती भायेर पडली, किती वाजता. परवा वही बघितली. चार दिवस कोरे होते आणि त्यांच्यापुढं लिहिलं होतं, ‘ओढा’.