लोन फर: पोर्टलंडच्या पहिल्या वसाहतवाल्यांचं कबरस्तान, आणि त्यातला रिकामा कोपरा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या आमच्या पोर्टलंडला पाहुणे आले की मल्टनोमाचा धबधबा, गुलाबांची बाग आणि पॉवेल्सचं पुस्तकांचं दुकान एवढं ठरलेलं असतं. या खेपेला आई-बाबा आले तेव्हा मी त्यात लोन फर कबरस्तान घातलं. "सुट्टीच्या दिवशी कबरस्तानात कसलं फिरायला जायचं?" म्हणत आई घरीच राहिली. बाबा मात्र लगेच चपला घालून तयार, कारण जुने शिलालेख दिसले की त्यांना वाचल्याशिवाय राहवत नाही.

लोन फर शहराच्या पूर्व भागात, भरवस्तीत आहे. उत्तरेला स्टार्क रस्ता, दक्षिणेला मॉरिसन, पश्चिमेला २०वा आणि पूर्वेला २६वा. या चौकटीत ३० एकर जमीन आणि शेकडो मोठी झाडं. २५,००० हून जास्त माणसं इथे पुरलेली आहेत आणि त्यांतल्या सुमारे १०,००० जणांची ओळख हरवली आहे. हा दुसरा आकडा डोक्यात ठेवूनच आत शिरा. नाहीतर सुंदर झाडं आणि नक्षीदार दगड पाहून छान बाग बघितल्याच्या समाधानात परताल.

सुरुवात झाली ती एका शेतातल्या एकट्या कबरीपासून. जेम्स स्टीफन्स हा पिंप बनवणारा कारागीर. ओरेगनमध्ये येऊन त्याने विलामेट नदीच्या पूर्वेला जमीन घेतली आणि नदी ओलांडायची होडी चालवली. १८४६ मध्ये त्याचे वडील एमर स्टीफन्स वारले, त्यांना त्याने आपल्याच शेतात पुरलं. पुढे ही जमीन कोलबर्न बॅरलने विकत घेतली तेव्हा वडिलांची कबर सांभाळायची अशी अट होती. १८५४ च्या एप्रिलमध्ये ओरेगन सिटीजवळ गॅझेल नावाच्या आगबोटीचा बॉयलर फुटला आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यात बॅरलचा धंद्यातला भागीदार क्रॉफर्ड डॉबिन्सही होता. बॅरलने त्याला आणि बोटीवरच्या आणखी एकाला एमरच्या शेजारी पुरलं, काही एकर जमीन दफनासाठी वेगळी काढली आणि भागीदाराच्या नावावरून तिला माउंट क्रॉफर्ड म्हटलं. लोन फर, म्हणजे एकटा फर वृक्ष, हे नाव १८६६ चं. ते बॅरलच्या बायकोने सुचवलं होतं. आज भोवती इतकी झाडं आहेत की त्या एकट्या झाडाच्या शोधात वेळ घालवू नका. त्याच सुमारास बॅरल हे कबरस्तान ४,००० डॉलरला शहराला द्यायला तयार होता. शहराने नको म्हटलं, गावापासून फार लांब पडतं म्हणून! आज त्याच्याभोवतीच्या रस्त्यांवर शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

पाहायचाच असा दगड जेम्स आणि एलिझाबेथ स्टीफन्सचा. नवरा-बायको हात हातात घेऊन उभे आहेत, दोघांच्या पूर्ण आकृत्या कोरलेल्या. बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात, तुम्ही मागे जा. ५७ वर्षं, २ महिने आणि २ दिवस सोबत प्रवास करून आम्ही आपल्या मर्जीने इथे निजलो आहोत, निसर्गनियमाने पुन्हा मूलतत्त्वांत मिसळायची वाट पाहत, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. देवाचं नाव नाही, स्वर्गाचं नाही. बाबांनी तो माझ्याकडून परत वाचून घेतला आणि म्हणाले, "हा तर पंचमहाभूतांचाच हिशेब झाला की."

एसा लव्हजॉय हाही इथेच आहे. १८४५ मध्ये याने आणि फ्रान्सिस पेटिग्रोव्हने गावाचं नाव ठरवायला नाणं उडवलं. लव्हजॉय जिंकला असता तर आमचा पत्ता बॉस्टन, ओरेगन झाला असता. मॅक्ले कुटुंबाची १८७७ ची दगडी समाधी भव्य आहे. डोनाल्ड मॅक्लेने बायकोसाठी १३,५०० डॉलर खर्चून बांधलेली. मला ती फार काही सांगत नाही, पण दूरवरून दिसते, त्यामुळे वाट चुकलात तर खूण म्हणून उपयोगी. एका दगडाला स्क्रॅबलच्या पटाचं रूप दिलंय, मुलं बरोबर असतील तर त्यांना तो शोधायला लावा.

आता देखभाल. जुन्या खाजगी कबरस्तानांचं गणित मुळातच कच्चं असे. जागा विकली की पैसे एकदाच येतात, गवत मात्र दरवर्षी वाढतं. सुरुवातीच्या मालकांनी कायमच्या देखभालीसाठी निधी राखलाच नाही, ज्याने त्याने आपल्या माणसाची कबर पाहावी अशी रीत. पाहणारे गाव सोडून गेले किंवा स्वतःच शेजारी येऊन निजले. लाकडी खुणा कुजल्या, दगड झुकले, नोंदी विस्कटल्या. वर म्हटलेले दहा हजार लोक असे हरवले. १९२८ मध्ये मल्टनोमा काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, कबरस्तान ताब्यात घेतलं, १९९४ पासून ते मेट्रो या प्रादेशिक शासनाकडे आहे. मेट्रोकडे अशी १४ जुनी कबरस्तानं आहेत. रोजची निगा त्यांची, आणि मदतीला फ्रेंड्स ऑफ लोन फर सिमेटरी ही स्वयंसेवकांची संस्था.

पण सरकारी ताबा म्हणजे सगळ्यांची सारखी काळजी असं झालं नाही. त्यासाठी नैऋत्य कोपऱ्यात, २०वा रस्ता आणि मॉरिसन मिळतात तिथे जा. हा ब्लॉक १४. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, मासळीचे कारखाने, धुलाईची दुकानं यांत राबलेल्या चिनी लोकांना इथे पुरत. काही वर्षांनी अस्थी उकरून, स्वच्छ करून मायदेशी पाठवायची त्यांची पद्धत होती. सगळ्यांच्या गेल्या नाहीत. १९४८ मध्ये उरलेल्या अस्थी हलवल्या, जागा मोकळी झाली असं धरून काउंटीने पुढच्या दशकात तिथे कार्यालयाची इमारत आणि गाड्यांचा तळ उभा केला. २००४ मध्ये जमीन विकायचा विचार निघाला तेव्हा चिनी समाजाच्या आणि कबरस्तानाच्या जाणकारांनी हरकत घेतली. तपासणीत खाली माणसांचे अवशेष निघाले. २००७ मध्ये इमारत पाडली आणि जमीन कबरस्तानाला परत जोडली.

याच भागात वेड्यांच्या इस्पितळातले रुग्णही असावेत असं मानतात. ते इस्पितळ डॉक्टर हॉथॉर्न चालवत. ज्या रुग्णांना कोणी विचारणारं नव्हतं त्यांना ते स्वखर्चाने पुरत. डॉक्टरांचं थडगं ठळक आहे, त्यांच्या नावाचा हॉथॉर्न रस्ता तर खाण्यापिण्यासाठी प्रसिद्ध. रुग्णांच्या नावाचा दगड नाही. इथे स्मारक-बाग करायला मेट्रोने २०१९ च्या कर्जरोख्यांतून ४० लाख डॉलर राखले आहेत. काम चालू असताना हा कोपरा कुंपणाआड असू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी मेट्रोच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. कुंपण असलं तरी पदपथावरून जागा दिसते.

माझं मत विचाराल तर हा कोपरा आधी पाहा, मग स्टीफन्स आणि मॅक्ले. उलट क्रमाने गेलं तर इथपर्यंत येईतो पाय दुखायला लागतात आणि "इथे तर काहीच नाही" म्हणून लोक फिरतात. आधी पाहिलं की पुढचा प्रत्येक सरळ उभा दगड कोणीतरी पैसे आणि वेळ खर्चून उभा ठेवलाय हे आपोआप दिसायला लागतं.

काही कामाच्या गोष्टी. हिल्सबरो-बीव्हर्टनकडून येणाऱ्यांनी मॅक्स या शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनने डाउनटाउनला येऊन १५ नंबरची बस धरावी. ती मॉरिसन पूल ओलांडून कबरस्तानाच्या जवळून जाते. गाडीचं मुख्य फाटक २६व्या रस्त्यावर आहे, पण गाडी बाहेरच्या गल्लीत लावून चालत फिरणं बरं. प्रवेशाला पैसे नाहीत, दिवसाउजेडीच जायचं. स्वच्छतागृह आत मिळेल असं गृहीत धरू नका. नोव्हेंबर ते मार्च गवत चिखलाने भरलेलं असतं, तेव्हा कापडी बूट नकोत. अक्षरं वाचायला सकाळी किंवा दुपार उतरल्यावर जा. ऊन तिरकं पडलं की झिजलेला मजकूरही उठून दिसतो. ढगाळ हवेत मोबाइलचा दिवा बाजूने धरा. कागद ठेवून पेन्सिल घासू नका, जुना संगमरवर पोकळ झालेला असतो आणि पापुद्रे सुटतात. दगडांना टेकू किंवा बसू नका, काही नुसते वजनावर उभे आहेत. इथे अजूनही दफनं होतात, त्यामुळे कुठे माणसं जमलेली दिसली तर दुसरी वाट धरा.

हात लावून काम करायचं असेल तर संस्थेच्या स्वयंसेवक दिवसांना जा. परस्पर घासायला बसू नका, परवानगी लागते. पद्धत सोपी आहे पण सबुरीची. दगड साध्या पाण्याने भरपूर भिजवायचा, मऊ ब्रशने खालून वर घासायचं म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत. मग पुन्हा पाणी. शेवाळ आणि दगडफुलासाठी डी-टू नावाचं द्रावण वापरतात, त्याचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. ब्लीच, तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर पूर्ण वर्ज्य. ब्लीचने दगड दोन दिवस पांढराशुभ्र दिसतो आणि आतले क्षार तो कायमचा पोखरतात. आपल्याकडे देवळांच्या जुन्या पाषाणाला ऑइलपेंट फासणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, असं बाबा ब्रश हातात धरूनच म्हणाले.

ऑक्टोबरच्या शेवटी संस्था इथे रात्रीची फेरी ठेवते, त्यात नट मंडळी इथल्याच मृतांच्या गोष्टी सांगतात. तिकिटाचे पैसे देखभालीला जातात आणि तिकिटं लवकर संपतात. लहान मुलं घाबरतील अशी शंका असेल तर दिवसाच जा. फेरफटक्याला दोन तास धरा, वाचायचा नाद असलेलं माणूस बरोबर असेल तर तीन.