उप्पंगळच्या रानात झाडांची हजेरी

कर्नाटकातल्या कोडगूच्या वायव्य कोपऱ्यात, घाटाच्या उतारावर उप्पंगळचं सदाहरित रान आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९८९ च्या सुमारास इथं झाडांची कायमची हजेरी सुरू केली. ३० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेराचं प्रत्येक झाड नोंदवलेलं. सुरुवातीच्या मोजणीत ३.१२ हेक्टरांत १,९८१ झाडं आणि ९१ जाती सापडल्या.

९१ हा आकडा ऐकून सगळे हरखतात. मला मात्र त्यातल्या चार जातींनी गुंगवलं, कारण त्यांनी रानाचे मजले वाटून घेतलेत. सगळ्यात उंच डिप्टेरोकार्पस, त्याखाली पांढरा धूप, मधे रानजायफळ आणि तळाशी हम्बोल्टिया. हम्बोल्टियाची एक फांदी हातात धरली, तर पेरं फुगीर आणि पोकळ. बारीक छिद्रातून मुंग्या बाहेर आल्या आणि मी फांदी सोडली!

मोजणी ऐकायला सोपी वाटते. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. पण उतारावर ही उंची धरायची कुठून? वरच्या अंगाने. बुंध्याला आधारमुळं असतील तर पट्टी त्यांच्याही वर न्यायची. शिवाय ओल धरली की साल फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे ऋतू चुकला तर वाढतं झाडही कागदावर बारीक होतं! सावलीतल्या झाडांची वर्षाची वाढ तर इतकी कमी, की पट्टी जरा तिरकी बसली तरी ती वाढ मोजणीच्या चुकीत बुडून जाते. एवढी काटेकोर, कंटाळवाणी मेहनत वर्षानुवर्षं करणाऱ्यांना माझा दंडवत.

मेलेल्या झाडांचीही नोंद होते: उभ्यानं वाळलं, मोडलं की मुळासकट उपटलं? उतारावर उजेड दरीच्या बाजूने येतो, म्हणून झाडांचा पर्णसंभार तिकडेच झुकतो आणि तोल जातो. एक पडताना खालच्या दोन-चारांना घेऊन जातं. अशाच एका आडव्या धूपाजवळ आम्ही थांबलो. "साहेब, याचा नंबर वहीत राहतो, फक्त पुढचा रकाना बदलतो," सोबतचा मदतनीस मोडक्या हिंदीत म्हणाला. मग शेजारच्या मोकळ्या जागेतली रोपं दाखवायला लागला. त्यातली कुठली ३० सेंटिमीटरपर्यंत पोचेल, यावर त्याची ठाम मतं होती.

राखीव जंगल आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. जळवांसाठी लांब मोजे न्या.