तुम्ही विचारलंत म्हणून : बेट्सी पर्कच का?

एकोणिसाव्या शतकातल्या डच स्त्रियांविषयी मी बोलू लागले की एक प्रश्न हमखास येतो : १८७१ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात प्रवेश मिळवून पुढे डॉक्टर झालेल्या आलेट्टा याकोब्स यांना बाजूला ठेवून तुम्ही बेट्सी पर्क यांच्याकडेच का वळता?

त्याच १८७१ मध्ये पर्क यांनी ‘आर्बाइट आडेल्ट’, म्हणजे ‘श्रमाने प्रतिष्ठा वाढते’, या नावाची संस्था काढली, हे त्याचे पहिले उत्तर. १८३३ मध्ये डेल्फ्टला जन्मलेल्या या लेखिकेला स्त्रियांसाठी साप्ताहिक चालवण्याचा अनुभव होता. ‘ऑन्स स्ट्रेव्हन’ या साप्ताहिकातून त्या पहिल्याच अंकानंतर बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘ऑन्झ रूपिंग’ हे स्वतःचे पत्र सुरू केले. संस्थेचा हेतू मात्र अगदी साधा होता. चांगल्या घरातल्या, पण हाती पैसा नसलेल्या स्त्रियांचे शिवणकाम आणि भरतकाम विकून त्यांना चार पैसे मिळवून द्यायचे.

वाद झाला तो त्या वस्तूंवर करणारीचे नाव असावे की नसावे, यावरून. पोटासाठी काम करावे लागते हे चारचौघांत कळले तर घराण्याची अब्रू जाते, म्हणून विक्री निनावीच व्हावी, असे अनेकींना वाटे. पर्क यांना ते पटेना, कारण श्रमाने प्रतिष्ठा वाढते असे संस्थेच्या नावातच म्हणायचे आणि श्रम करणारीला पडद्याआड ठेवायचे, यातली विसंगती त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. निनावी विक्रीचा आग्रह धरणाऱ्या स्त्रिया १८७२ मध्ये बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘टेसलशाड’ ही वेगळी संस्था स्थापली. मला त्यांचाही राग येत नाही. ज्या समाजात त्या राहत होत्या, तिथे त्यांची भीती खोटी नव्हती.

१८७३ मध्ये पर्क आणि मिना क्रूसमन या दोघींनी गावोगावी व्याख्याने दिली. क्रूसमन रंगमंच गाजवणाऱ्या, त्यामुळे लोकांच्या लक्षात त्याच अधिक राहिल्या. पुढे पर्क यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या आज क्वचितच कोणी वाचत असेल.

पुढे दोन्ही संस्था पुन्हा एक झाल्या आणि दोन्ही नावे जोडून आजही चालू आहेत. गंमत म्हणजे नाव झाकू पाहणाऱ्यांनी आपल्या संस्थेला नाव दिले ते मारिया टेसलशाड फिशर या सतराव्या शतकातल्या कवयित्रीचे, जी काचेवर नक्षी कोरण्यासाठीही आजतागायत नावानिशी ओळखली जाते.