नंबर जिथं पडला तिथंच

पीक कापणी प्रयोग म्हणलं की शहरातल्या लोकांना वाटतं लॅबमधलं काहीतरी असेल. तसं काही नसतं. शेतात दोरी आणि खुंट्या घेऊन १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा, त्यातलं सोयाबीन कापायचं, ताडपत्रीवर बडवायचं, उफणायचं आणि वजन करायचं. बस. पण हे ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, त्यामुळं काट्यावर जे वजन येतं त्याला २०० नं गुणायचं. अर्धा किलो इकडंतिकडं झालं की हेक्टरी एक क्विंटल इकडंतिकडं. आणि असे महसूल मंडळातले (म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातले) सगळे प्लॉट मिळून जी सरासरी येते ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली आली तर अख्ख्या मंडळाला विमा, वर गेली तर ह्या हिशोबानं कुणालाच नाही. (उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिचे ७० टक्के.) आता विचार करा त्या दोरीभोवती किती लोक जमत असतील आणि प्रत्येकाची नजर कुठं असेल.

मी तेव्हा कृषी सहायक. आमच्याकडं हे काम तिघांत वाटलेलं असतं, काही गावं तलाठ्याकडं, काही ग्रामसेवकाकडं, काही आमच्याकडं. सांगतेय तो दिवस खरीप २०२३ चा. एक रुपयात पीकविमा त्याच वर्षी सुरू झालेला, त्यामुळं झाडून सगळ्यांनी भरलेला, आणि पाऊस असा की ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. नेमकं फुलं-शेंगांच्या टायमाला पाणी नाही. सप्टेंबरात पाऊस आला तर पिवळा मोझॅक, पानं पिवळी पाडणारा रोग. लातूर जिल्ह्यातलं गाव, नाव सांगत नाही, सगळं शिवार माळावरचं, मोजक्या चार-दोन विहिरी सोडल्या तर बाकी सगळं वरच्या पाण्यावर.

पहिला प्लॉट अण्णांच्या शेतात निघाला. गट नंबर रॅन्डम पद्धतीनं आधीच ठरलेला असतो, आमच्या हातात नसतं. शेतात गेल्यावर नैऋत्येचा कोपरा धरायचा, तिथून लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा करायचे आणि उरलेल्या आकड्यांच्या आत बसणारी जोडी रॅन्डम नंबरच्या तक्त्यातून घ्यायची. तक्त्यातला कुठला कॉलम घ्यायचा तेही वरूनच ठरून येतं, म्हणजे मला वाटलं म्हणून हा नंबर घेतला असं चालत नाही. जोडी आली ७१ आणि ८. लांबीकडनं ७१ पावलं चालायचं, तिथून काटकोनात आत ८ पावलं, आणि जिथं पाय थांबेल तिथं पहिली खुंटी.

मी चालायला लागले, मागं सरपंच, पोलीस पाटील, विमा कंपनीचा पोरगा, आणि गावातली वीस-पंचवीस माणसं. साठाव्या पावलापर्यंत सोयाबीन गुडघ्याच्या खाली, पानं पिवळी, शेंगा अर्ध्या पोचट. पासष्टच्या पुढं एकदम रंग बदलला. अण्णांची विहीर त्या टोकाला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी तेवढ्याच तुकड्याला तुषारचे दोन पाईप लावून पाणी दिलेलं. तिथं झाड कमरेला लागत होतं. ७१ व्या पावलाला मी थांबले तेव्हा मागचा सगळा आवाज बंद झाला आणि मग एकदम सुरू झाला.

"मॅडम, हितं नाही. हितं कसं काय?" "ह्यो एकच तुकडा हिरवा हाय बघा शिवारात!" एकानं तर माझ्या हातातली खुंटीच धरली. कंपनीचा पोरगा मात्र खुश, मोबाईल काढून फोटो घ्यायला लागला आणि म्हणाला, "नियम आहे काका, नंबर पडला तिथंच." पोरगा कंत्राटी, मोटारसायकलवर दिवसाला जमतील तेवढी गावं करणारा, त्याच्यावर माझा राग नाही, पण त्याचा तो आनंद बघून माणसं जास्तच भडकली.

आणि मग अण्णा पुढं आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्यात तुम्ही माती घ्यायला आलाव, तवा काय सांगितलाव? बांधाजवळची घेऊ नका. झाडाखालची नको. शेणखताचा ढीग होता तिथली नको. विहिरीपाशी वल हाय, ती नको. तुमच्याच तोंडचं हाय हे सगळं. मंग आता विहिरीपाशीचा कोपरा कसा चालायलाय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ट्रेनिंगमध्ये नाही, परभणीला कॉलेजात असताना पण नाही. आणि प्रश्न एकदम बरोबर आहे. शेत तेच, मी तीच, मे महिन्यात मी स्वतः सांगते की वेगळी दिसणारी जागा टाळा आणि ऑक्टोबरात सांगते की जागा कशीही असली तरी टाळायची नाही.

मी तिथंच खाली बसले आणि जमेल तसं सांगितलं. माती घेताना आपण काय करतो, शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेतो, १५-२० सेंटीमीटरपर्यंतची माती काढतो, सगळी एकत्र कालवतो, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकतो, असं करत करत अर्धा किलो उरवतो. त्या अर्ध्या किलोवर ह्या शेताला खत किती द्यायचं ते ठरणार. त्यात शेणखताच्या ढिगाखालची एक मूठ गेली तर अख्ख्या मिश्रणाचा रिपोर्ट खोटा येतो आणि तुम्ही सगळ्या शेताला खत कमी टाकता. तिथं ढीग हा अडथळा आहे. आता कापणीला आपण अण्णांच्या शेतात किती पिकलं हे विचारतच नाही, मंडळात किती पिकलं हे विचारतोय. आणि हा हिरवा तुकडा मंडळातच पिकलाय की. तो मोजायचा नाही म्हणलं तर दुसऱ्या गावात दुसरा कुणीतरी पिवळा मोजायचा नाही म्हणणार. जागा एकदा माणसानं निवडायला सुरुवात केली की मग ज्याचा आवाज मोठा त्याची जागा.

हे बोलताना माझ्या डोक्यात मावसभाऊ येत होता. तो ताडोब्याकडं वनरक्षक आहे, व्याघ्रगणनेच्या वेळी कॅमेरे लावतो. त्यांचं गणित अजून तिसरंच. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची जोडी लावायची, जोडी यासाठी की वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगवेगळे असतात. पण चौकोनाच्या आत कॅमेरा कुठं? रॅन्डम नंबर टाकून नाही, तर मुद्दाम वाटेवर, नाल्याच्या वाळूत, जिथं वाघाच्या पावलांचे ठसे दिसतात तिथं. रॅन्डम टाकला तर महिनाभर पानांचे फोटो येतील म्हणतो. मी त्याला एकदा चिडवलं होतं की अरे हे तर तुम्ही वाघ बघून कॅमेरा लावता, तर म्हणाला आम्हाला पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायचाय, तो परत परत किती वेळा सापडतो त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज काढायचाय, म्हणून आमची अट एकच, एखादी वाघीण अख्खी मावेल एवढी मोकळी जागा नकाशात कुठं राहता कामा नये. म्हणजे त्यांच्याकडं जागा निवडणं चालतं, जागा सोडणं चालत नाही. माझ्या नणंदेच्या खात्यात, म्हणजे आरोग्यात, पूर्वी लसीकरणाच्या सर्व्हेला गावाच्या मधोमध पेन फिरवायचे, टोक ज्या दिशेला तिकडची घरं मोजून त्यातलं एक काढायचे आणि तिथून शेजारची घरं धरत सात मुलं पुरी करायची, अशी ३० ठिकाणं. त्यात गावाच्या मध्यातली घरं जास्त येतात हे नंतर लोकांनी दाखवून दिलं. असो.

अण्णांचं समाधान झालं का? नाही. ते म्हणाले, "तुमचं पटलं मला. पण शंभरात विहीर असलेले धा. अन तुमचे गावात प्लॉट दोन. दोनात एक विहिरीचा आला की झालं की वाटुळं."

आता ह्याच्यावर मी काय बोलणार. हा माणूस सातवी शिकलेला आणि त्यानं जे सांगितलं ते आम्हाला एका सेमिस्टरभर शिकवलं होतं. रॅन्डम निवड म्हणजे प्रत्येक वेळी न्याय असं नसतंच, प्लॉट भरपूर असतील तर हिरवा-पिवळा आपोआप प्रमाणात येतो, थोडे असतील तर नशीब. याचा इलाज खुंटी हलवणं हा नाही, प्लॉट वाढवणं हा आहे, नाहीतर बागायत आणि जिरायत वेगळं धरून दोन्हीकडून प्रमाणात प्लॉट काढायचे, काही पिकांना तसं धरतातही. मी त्यांना म्हणलं, अण्णा तुमची तक्रार खरी आहे, पण ती ह्या खुंटीवर काढू नका. ती अर्जात लिहा, मी पुढं पाठवते. त्यांनी मान हलवली आणि ज्यानं खुंटी धरली होती त्याला म्हणाले, "सोड रे."

मग खरी मारामारी दोरीवर. चार खुंट्या ठोकल्या, कर्ण मोजला, ११.१८ मीटर यायला पाहिजे, तेवढा आला की चारही कोपरे काटकोनात. दोरी ताणली आणि आली की एक ओळ बरोब्बर दोरीखाली. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटीमीटरवर, पण ओळीतली झाडं बोटभर अंतरावर, दहा मीटरच्या बाजूला ती एक ओळ आत धरली का बाहेर यावर अर्ध्या-पाऊण किलोचा फरक पडतो. कंपनीचा पोरगा पायानं झाडं आत सारतोय, इकडची पोरं बाहेर ओढतायत. नियम असा की खोड जमिनीतून जिथं निघालंय ते बघायचं, फांद्या कुठं पण जाऊ देत. मी विळा घेऊन गुडघ्यावर बसून एकेक बुडखा बघत गेले, हा आत, हा बाहेर, हा आत. पोलीस पाटील कंटाळून बांधावर जाऊन बसले.

हे वाटतं तितकं किरकोळ नाही बरं का. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढं एफएओत (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत) रोमला गेले, त्यांनी १९४६ मध्ये नेमकं हेच छापलं होतं की लहान प्लॉट घेतले की उत्पादन जास्त दिसतं, कारण कडेचं झाड माणूस नकळत आत धरतो. तिकडं बंगालात दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस छोटे कट (म्हणजे छोटे प्लॉट) घ्यायचे, वेळ आणि पैसा वाचतो, त्याच खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं, आणि सुखात्म्यांचं म्हणणं प्लॉट मोठाच पाहिजे. दोघं पण मोठी माणसं, वाद बरीच वर्षं चालला. हिशोब करून बघा, एक बाय एक मीटरच्या प्लॉटला एका चौरस मीटरमागं चार मीटर कड येते, आमच्या दहा बाय पाचला फक्त साठ सेंटीमीटर. भांडायला जागाच कमी. तरी त्या दिवशी आम्हाला ती पण पुरली म्हणा.

वजन आलं ७ किलो ९०० ग्रॅम. हेक्टरी १५ क्विंटल ८० किलो. त्या वर्षी त्या शिवारात हा आकडा ऐकून लोकांना हसावं का रडावं कळेना. कुणी काही बोललं नाही, पण चहा पण कुणी विचारला नाही.

दुसरा प्लॉट गावाच्या वरच्या अंगाला माळावर. तिथं जायला दुपार झाली. अण्णा पण आले, त्यांचं तिथं काही काम नव्हतं तरी आले. जोडी निघाली, चाललो, आणि खुंटी पडली ती मुरमाड पट्ट्यात. झाडं वीतभर, मोझॅकनं पिवळीजर्द, मध्ये मध्ये नुसती जमीन. कंपनीच्या पोराचा चेहरा उतरला. "मॅडम, हे रिप्रेझेंटेटिव्ह नाही ना, इथं पीकच नाही. दुसरी जोडी घेऊ." मी नियम सांगितला, प्लॉटचा काही भाग शेताच्या बाहेर गेला तरच दुसरी जोडी घेता येते, हा पूर्ण आत आहे. तो ऐकेना, वरच्या साहेबाला फोन लावायला लागला, रेंज नाही. अण्णा बांधावरून म्हणाले, "बाळा, हिरवं चाललं तर पिवळं बी चालतंय."

वजन २ किलो १०० ग्रॅम. हेक्टरी ४ क्विंटल २० किलो.

फॉर्म भरताना पोरगा म्हणाला मी सही करतो पण शेरा लिहिणार, आणि लिहिलं, 'प्लॉटची जागा प्रातिनिधिक नाही.' तो त्याचा हक्क आहे, लिही म्हणलं. अण्णांनी चष्मा काढला, वाचलं आणि म्हणाले, मंग माझ्या फॉर्मवर पण हेच लिवा. सकाळचा फॉर्म काढला, ग्रामस्थांच्या वतीनं सरपंचांनी त्याच शब्दांत तोच शेरा लिहिला, खाली सही-शिक्का. ॲपवर फोटो चढवायला रात्री घरी आल्यावरच नेट मिळालं.

दोन दिवसांनी तालुक्यावरून पर्यवेक्षकांचा फोन. "अहो, दोन्ही प्लॉट प्रातिनिधिक नाहीत असं लिहिलंय, एक कंपनीनं, एक गावानं. मग बरोबर कुठला?"

म्हणलं, सर, दोन्ही.