रिकामी पाकिटं

दिवाळी सरली की आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कारखान्याच्या तळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि माझ्या रजिस्टरमध्ये बीडकडच्या बायकांची नावं वाढतात. त्यातलीच एक. वय बावीस, दुसरी खेप, चौथा महिना, हिमोग्लोबिन ८.२.

गरोदरपणी ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. लोहाच्या लाल गोळ्या दिवसाला दोन, एकेकीत ६० मिलिग्रॅम लोह. जंताची गोळी एकदाच, कॅल्शियम दोन वेळा. एवढं नीट पोटात गेलं तर महिन्यात आकडा निदान एकाने वर यायला हवा. पाच आठवड्यांनी बोटाला टोचलं, मशीनवर ८.३ आलं. दुसरं बोट टोचलं, तेच.

"गोळ्या फेकून देतेस ना? खरं सांग," मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले.

"न्हाय बाई, रोज खाते," एवढंच बोलली आणि खाली बघत उभी राहिली.

माझा विश्वास बसला नाही. चौदा वर्षांच्या नोकरीत मी तांदळाच्या डब्यातून, कोपीच्या छपरातून गोळ्या काढल्या आहेत. मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, मूल काळं होतं अशी भीती घालणारी सासू असते. त्यामुळे आकडा वाढला नाही की आम्ही सगळ्याजणी आधी बाईलाच खोटं ठरवतो. डॉक्टरांनीही ऐकून घेतलं आणि शिरेतून लोह द्यायला तालुक्याला पाठवू म्हणाले. म्हणजे तिची मजुरी बुडणार आणि मुकादमाची बोलणी नवऱ्याला खावी लागणार.

दोन दिवसांनी लसीकरणासाठी तळावर गेले होते. तिने मला कोपीत बोलावलं, पत्र्याच्या पेटीतून रबर लावलेला जुडगा काढून माझ्या हातात दिला. लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं, दहा-दहाची, सात. पस्तीस दिवस, सत्तर गोळ्या. एकही कमी नव्हती.

मग मी विचारलं, शी काळी होते का? ती लाजून म्हणाली, "डांबरावानी." न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, म्हणून शी काळी होते. गोळी पोटात जाते की नाही, हे या एका प्रश्नात कळलं असतं. शिकाऊ मुलींना मीच हे शिकवते. तिला मात्र विचारलं नव्हतं.

"कशी घेतेस ते दाखव." तिने तळहातावर दोन लाल आणि एक पांढरी गोळी ठेवली आणि कोऱ्या चहाची वाटी उचलून दाखवली. पहाटे साडेतीनला उठायचं, चुलीवर चहा ठेवायचा आणि त्याच घोटाबरोबर तिन्ही गिळायच्या. दिवसा फडात पाणी थोडं, आणि लघवीला आडोसा नाही म्हणून बायका तेही पीत नाहीत. "तिथं विसरायला होतं, म्हनून घरीच समद्या घेते."

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही. कॅल्शियम सोबत असेल तर तेही आड येतं. गरोदरपणात बाईला एकूण जवळजवळ १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं, आणि ही पोरगी रोज १२० मिलिग्रॅम गिळून त्यातलं बरंचसं वाया घालवत होती, मनापासून, एक दिवस न चुकवता. चहाबरोबर घेऊ नको असं मी तिला सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगितलं असलं तरी गर्दीत, दहा सूचनांबरोबर एका दमात.

तिथेच खाली बसून तिच्या दिवसाप्रमाणे वेळा लावल्या. फडातून परतल्या परतल्या एक लाल गोळी पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर तासाभराने. पांढरी गोळी फडातल्या भाकरीबरोबर आणि रात्री सातच्या जेवणात. दुसरी लाल झोपताना, म्हणजे मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते. भाजीवर लिंबू पिळ म्हटलं, त्याने भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. डॉक्टरांना फोन करून महिनाभर थांबायची विनंती केली. पुढच्या तपासणीला आकडा ९.४ आला.

आमच्या रजिस्टरात 'गोळ्या दिल्या' असा रकाना आहे. तो भरला की सुपरवायझर खूश. कशाबरोबर घेतल्या, किती वाजता, हे लिहायला जागा नाही. मी आता समासात पेन्सिलने 'चहा' लिहून खूण करते. गेल्या भेटीत त्यावरून मला बोलणं बसलं. बसू दे.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी निघाली. तिला आठवा महिना. तिच्या गावच्या आशाताईंना फोन करून सगळं सांगितलं, कार्डावर वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. ट्रकमध्ये चढण्याआधी ती उपकेंद्रात आली आणि पाकिटांचा नवा जुडगा पुढे केला. "मोजून घ्या बाई." मी नको नको म्हणत राहिले, तरी तिने तो टेबलावर ठेवलाच.