मोरीचा कठडा आणि आमची मोजपट्टी

पावसाळा सुरू झाला की सांगलीत कोणीही कोणालाही एकच प्रश्न विचारतो : आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे? आयर्विन म्हणजे कृष्णा नदीवरचा आमचा पूल. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये हीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, हे आमच्यापैकी कोणी विसरलेले नाही. नदीचा फूट न् फूट हिशेब ठेवणाऱ्या आम्हा माणसांना घरासमोरच्या रस्त्याचे एकही माप माहीत नव्हते, याची मला आज मनापासून खंत वाटते.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी नाल्यावर एक जुनी दगडी मोरी, म्हणजे छोटा पूल आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या मोरीच्या कठड्यावर बसायचे तर टाचा उचलाव्या लागत. आता तो कठडा माझ्या गुडघ्याच्याही खाली येतो. कठडा खचलेला नाही, रस्ता वर चढला आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे डांबर टिकत नाही, आणि जुने डांबर खरवडून न काढता दर वेळी त्यावरच नवा थर अंथरला जातो. मध्यंतरी नळाच्या पाईपसाठी चर खणला गेला, तेव्हा त्याच्या कापलेल्या कडेला चवडीसारखे एकावर एक बसलेले डांबराचे पाच थर मी स्वतः मोजले.

गेल्या वर्षी जुलैमध्ये याच मोरीच्या अलीकडे शिकवणीवरून परतणारी एक मुलगी सायकलवरून पडली. तिथल्या गटारावरच्या लोखंडी जाळीचे गज रस्त्याला आडवे असायला हवेत, ते वाहने जातात त्याच दिशेने बसवलेले होते. दोन गजांच्या फटीत पुढचे चाक बसले आणि ती हँडलवरून थेट कठड्याकडे फेकली गेली. मी तिला उठवले तेव्हा तिच्या मनगटाचे हाड सरकलेले दिसत होते, आणि तरीही ती पाण्यात पडलेले दप्तर शोधत होती. कठड्याच्या पलीकडे नाला दुथडी भरून वाहत होता.

त्याच आठवड्यात आम्ही पन्नासेक सह्यांचा अर्ज दिला. ‘रस्ता अत्यंत खराब झाला असून तातडीने दुरुस्ती करावी’ एवढेच त्यात लिहिले होते. दिवाळीनंतर दुरुस्ती झाली, म्हणजे आणखी एक थर पडला. चराच्या कडेला मी जे पाच थर मोजले, त्यांतला सर्वांत वरचा हाच. कठडा आणखी दोन इंचांनी बुटका झाला, चेंबरची झाकणे खड्ड्यात गेली आणि जाळी होती तशीच राहिली. आमच्याच मागणीने रस्ता अधिक धोकादायक झाला, हे कबूल केल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

त्यानंतर कॉलनीतल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी आम्हाला अर्ज लिहायला शिकवले. ‘खराब’ हा शब्द लिहायचा नाही, माप लिहायचे, असा त्यांचा आग्रह होता. एका रविवारी सकाळी आम्ही सात जण टेप घेऊन उतरलो. कठडा १४ इंच भरला. पदपथाची मोकळी रुंदी भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे किमान १.८ मीटर हवी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये. आमच्याकडे ती कड एका टोकाला डांबरात बुडालेली आणि दुसऱ्या टोकाला ३० सेंटिमीटर निघाली, जी म्हाताऱ्या माणसाला चढणे शक्यच नाही.

रस्ता नेमका कोणाचा, यावरून दोन कार्यालये आम्हाला एकमेकांकडे पाठवीत होती. त्यावर माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ६(३) कामी आले, कारण माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्याची असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ सुद्धा आम्ही अर्जात नमूद केले. रस्त्याच्या रचनेचे किंवा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय आम्ही खिडकीवरून हललो नाही.

आमच्यातल्या काहींना मोरीच्या अलीकडे गतिरोधक हवा होता, आणि त्यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. मी विरोधात होते. गतिरोधकाचे निकष साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच अशा पसरट उंचवट्याचे आहेत. आपल्याकडे मात्र रात्रीतून डांबराचा अरुंद बांध घातला जातो, त्यावर पट्टे नसतात, आधी फलक नसतो, आणि दुचाकीवर मागे बसलेली बाई त्यावरून उडून पडते. शेवटी ती मागणी आम्ही वगळली.

मार्चमध्ये जाळी काढून गज आडवे करून बसवली गेली. मेमध्ये कठड्यावर लोखंडी नळ्यांचे रेलिंग आले, पण ते मोरीच्या एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू, जुने थर खरवडणे आणि झाकणे रस्त्याच्या पातळीला आणणे या तीन कामांचे अंदाजपत्रक तयार असल्याचे लेखी उत्तर आमच्याकडे आहे. तोवर उघड्या बाजूला आम्ही बांबू बांधून त्यावर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि दर रविवारी सकाळी त्या जागेवर आहेत का, ते पाहून येतो.